वाटीच्या वर १० सेंटिमीटर

डिसेंबर २०२३ मधल्या एका रविवारी सायंकाळी, सामना संपायला सहा मिनिटे उरली असताना, मी चढाईला गेले आणि कोपरारक्षकाला हूल देऊन डावीकडे वळण्यासाठी उजवा पाय मॅटवर रोवला. मला कोणी धरले नव्हते, कोणाचा धक्काही लागला नव्हता. पाऊल मॅटला चिकटून राहिले, अंग वळले आणि गुडघ्याच्या आत सुकी काटकी मोडावी तसा ‘टक्’ असा आवाज झाला. बाहेर तो कोणालाच ऐकू गेला नाही, मला मात्र आजही जसाच्या तसा आठवतो. वेदना अर्ध्या मिनिटात ओसरली, त्यामुळे मी उठून मध्यरेषेपर्यंत चालत आले आणि पुढची चढाईही मीच करीन, असे सरांना सांगितले. दोन तासांत गुडघा इतका सुजला की सलवार वर सरकेना.

तेव्हा मी २४ वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून कराडजवळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि वयाच्या तेराव्या वर्षापासून मंडळाकडून कबड्डी खेळत होते. सांध्याची रचना मी वर्गात फळ्यावर काढून दाखवत असे. तरीही स्वतःच्या गुडघ्यात काय झाले आहे, हे समजायला मला पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांची खंत अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, लचक भरली आहे, तीन आठवडे क्रेप बँडेज बांधून विश्रांती घ्या, असे मला सांगण्यात आले. विश्रांतीनंतरही पाय पूर्ण सरळ होईना, तेव्हा नात्यातल्या मंडळींनी आग्रहाने हाड बसवणाऱ्या एका गृहस्थांकडे नेले आणि तेथे गरम तेलाने चार वेळा मालिश झाले. सूज उतरत गेली, मी चालू लागले, घरचे निश्चिंत झाले. मग जानेवारीत महाविद्यालयाच्या जिन्यावरून उतरताना गुडघा आतल्या आत निसटला आणि मी हातातल्या उत्तरपत्रिकांसह खाली बसले. ज्याचा गुडघा असा निसटला आहे त्याला वेगळे वर्णन करून सांगावे लागत नाही. दुखणे फार नसते, पण आपला पाय आपला राहिलेला नाही, ही जाणीव अंगावर काटा आणते.

एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, दिसत नाही, इतकी साधी गोष्ट मला ठाऊक होती. जे ठाऊक नव्हते ते असे की दुखापतीनंतर दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत बहुधा रक्त साठलेले असते, आणि अशा रक्त साठलेल्या गुडघ्यांपैकी निम्म्याहून अधिक गुडघ्यांत एसीएल, म्हणजे पुढचे क्रूसिएट लिगामेंट, तुटलेले आढळते. ‘टक्’ असा आवाज, कोणाचाही धक्का नसताना वळताना झालेली दुखापत आणि दोन तासांतली सूज ही तीन लक्षणे एकत्र आली की एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती. हे तिन्ही मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते कोणी लिहून घेतले नाही.

कोल्हापूरच्या शल्यविशारदांनी एमआरआयचा कागद हाती घेण्याआधी गुडघाच हातात घेतला. गुडघा किंचित वाकवून त्यांनी एका हाताने मांडी धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे ओढले. हीच लॅचमन चाचणी. आधी त्यांनी डाव्या पायावर केली. हाड चार-पाच मिलिमीटर पुढे आले आणि दावे ताणले जाताच जनावर जागीच थांबावे तसे थांबले. मग उजव्या पायावर केली. हाड पुढे आले आणि येतच राहिले, ते कशालाही अडले नाही. डॉक्टर काही बोलण्याआधी मला कळून चुकले होते. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेले आणि आतल्या बाजूच्या मेनिस्कसची, म्हणजे दोन हाडांमधल्या गादीची, मागची कड फाटलेली निघाली.

तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचे आणि करंगळीपेक्षा थोडे कमी रुंद असे हे लिगामेंट मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरके जाते. नडगीला पुढे घसरू न देणे आणि गुडघ्याला पीळ बसू न देणे ही त्याची दोन मोठी कामे. त्यात चेतातंतूंची टोकेही असतात आणि सांधा कोणत्या कोनात आहे याची खबर ती मेंदूला देत असतात. म्हणजे ते तुटते तेव्हा दोरही तुटतो आणि तारही तुटते. पुढच्या वर्षभरात माझ्या वाट्याला जे आले, त्यातला बराच भाग या तुटलेल्या तारेचा होता.

शस्त्रक्रिया करायची की नाही, हा निर्णय डॉक्टरांनी माझ्यावर लादला नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी मला दोन आठवडे दिले आणि मी ते शोधनिबंध वाचण्यात घालवले. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर करून सोबत व्यायामोपचार दिले गेले. उरलेल्यांना आधी व्यायामोपचार दिले आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत रुग्णांच्या सांगण्यानुसार लक्षणीय फरक आढळला नाही, आणि पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांवर शस्त्रक्रियेची वेळ आलेली नव्हती. हे वाचून माझी झोप उडाली, कारण एसीएल तुटले म्हणजे शस्त्रक्रिया अटळ, असे मी तोवर धरून चालले होते. दुसरीकडे, २०२२ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या ३१६ रुग्णांच्या चाचणीत, दुखापत जुनी झालेल्या आणि गुडघा अस्थिर राहिलेल्या लोकांना शस्त्रक्रियेचा फायदा अधिक झाल्याचे दिसले. म्हणजे दोन्ही निष्कर्ष खरे होते, पण ते वेगवेगळ्या गुडघ्यांविषयी होते. माझा गुडघा कोणत्या गटातला, हे मला ठरवायचे होते.

याच वाचनात आणखी एक निबंध सापडला आणि तो मी अर्ध्यावर मिटून ठेवला. लिगामेंट सांध्यातल्या द्रवात असल्यामुळे तेथे रक्ताची गुठळी टिकत नाही आणि तुटलेली टोके जुळून येत नाहीत, असे आम्ही शिकलो होतो. मात्र २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ८० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दुखापतीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच त्यांचा गुडघा काटकोनात वाकवून चार आठवडे ब्रेसमध्ये जखडला आणि मग टप्प्याटप्प्याने मोकळा केला. तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये त्यांपैकी ९० टक्के रुग्णांच्या लिगामेंटमध्ये जुळून येण्याची चिन्हे दिसली. तुलनेला दुसरा गट नसल्यामुळे या निष्कर्षावर लगेच भिस्त ठेवता येत नाही, हे मला समजत होते. माझ्या बाबतीत तो उपचार योग्य ठरलाच असता, असेही मी म्हणत नाही. पण तो विचारात घेण्याचा काळ मी क्रेप बँडेज आणि गरम तेलात घालवला होता.

शेवटी तीन गोष्टींनी पारडे शस्त्रक्रियेकडे झुकवले. माझा गुडघा सपाट जमिनीवरही निसटू लागला होता. मला कबड्डीत परतायचे होते, आणि क्षणाक्षणाला दिशा बदलणे हाच त्या खेळाचा प्राण आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मेनिस्कस टाके घालून वाचवता येईल, असे डॉक्टरांना वाटत होते. एसीएलची दुखापत झालेल्या स्वीडनमधील महिला फुटबॉलपटूंच्या गुडघ्यांचे १२ वर्षांनंतर एक्स-रे काढले, तेव्हा सरासरी ३१ व्या वर्षीच निम्म्या जणींच्या सांध्यात झीज दिसत होती, आणि शस्त्रक्रिया झालेल्या व न झालेल्या दोघींत त्या बाबतीत मोठा फरक नव्हता. नवे लिगामेंट बसवले म्हणून झीज टळते, अशी हमी नाही. गादी गेली, तर मात्र झीज लवकर येते. मी खेळासाठी म्हणून विचार सुरू केला आणि गादीसाठी होकार दिला.

नव्या लिगामेंटसाठी कोणती कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, घ्यायची, हेही डॉक्टरांनी मोकळेपणाने समजावले. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा मधला तुकडा दोन्ही टोकांच्या हाडासकट काढला, तर तो हाडात लवकर रुजतो, पण नंतर गुडघे टेकताना पुढच्या बाजूला दुखण्याची तक्रार अधिक राहते. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगच्या दोन कंडरा काढून त्यांची चौपदरी घडी केली, तर तो त्रास कमी असतो, मात्र तरुण खेळाडूंमध्ये अशी कंडरा पुन्हा तुटण्याचे प्रमाण काही देशांच्या नोंदींमध्ये किंचित जास्त आढळते. आमच्या घरी स्वयंपाक ओट्यावर होतो, पण जेवण, निवडण-टिपण आणि देवपूजा जमिनीवरच होते. मी हॅमस्ट्रिंग निवडले. घडी किमान ८ मिलिमीटर जाडीची भरली पाहिजे, एवढी एक विनंती मी केली आणि ती नेमकी तेवढी भरली.

फेब्रुवारी २०२४ च्या मध्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याआधीचे चार आठवडे सूज उतरवणे, पाय पूर्ण सरळ करणे आणि मांडीचे स्नायू जागे ठेवणे यात गेले. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केली तर तो नंतरही आखडलेलाच राहण्याची भीती असते. शस्त्रक्रियेचा दिवस सांगण्यासारखा नाही. कमरेतून भूल, दुर्बीण, दीड तास, आणि पडद्यावर दिसणारे माझ्याच सांध्याचे पांढरेशुभ्र अंतरंग. तुटलेले एसीएल टाके घालून जोडण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न इंग्लंडमधील लीड्सचे शल्यविशारद मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगारावर केला होता. तेव्हापासून सव्वाशे वर्षांत शस्त्रक्रियेचे तंत्र इतके पुढे गेले आहे की तो दिवस आता या सगळ्यातला सोपा दिवस झाला आहे. अवघड ते तिसऱ्या दिवशी सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी फिजिओ ताईंनी माझ्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबायला सांगितले. मी दाबली. काहीच झाले नाही. मी दात-ओठ खाऊन दाबली. माझी मान ताठ झाली, डावी मांडी टणक झाली, आणि उजवी मांडी भिजवलेल्या कणकेसारखी तशीच पडून राहिली. स्नायूला इजा झालेली नव्हती, शीर तुटलेली नव्हती, मी शुद्धीत होते, आणि माझ्या हुकमाला माझा पाय जागचा हलत नव्हता. डोळ्यांतून पाणी आले. ताईंनी समजावले की सांध्यात सूज असली की तिथून येणाऱ्या संदेशांमुळे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूच मांडीच्या स्नायूला रोखून धरतो. निरोगी माणसाच्या गुडघ्यात नुसते सलाइन भरले तरी मांडीचा पुढचा स्नायू मंदावतो, हे १९६० च्या दशकातच प्रयोगांनी दाखवून दिले आहे. मग त्यांनी मांडीवर विजेच्या स्पंदनांचे पॅड लावले आणि प्रत्येक स्पंदनाबरोबर मला स्वतःहूनही जोर लावायला सांगितले. पाचव्या दिवशी दुपारी वाटीच्या वर, आतल्या बाजूला, दोन बोटांच्या रुंदीएवढा भाग किंचित थरथरला. ताईंनी माझे बोट धरून त्या जागेवर ठेवले. त्या थरथरीइतका आनंद मला कोणत्याही चढाईत मिळालेला नाही.

आई रोज रात्री मी झोपले की गुडघ्याखाली मऊ उशी सारायची. पाय वाकलेला राहिला की मला बरे वाटायचे आणि मला बरे वाटले की तिला झोप लागायची. आठवड्याने ताईंनी मोजले, तेव्हा पाय सरळ व्हायला ६ अंश कमी पडत होते. पहिल्या काही आठवड्यांत पाय पूर्ण सरळ झाला नाही, तर सांध्यात व्रण धरतो आणि चाल कायमची लंगडी राहू शकते. आईला दोष देण्याचा प्रश्नच नव्हता. ताईंनी तिला जवळ बसवले आणि तीच उशी गुडघ्याखालून काढून टाचेखाली ठेवून दाखवली. गुडघा अधांतरी राहिला आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरू लागला. दुखत होते. आई शेजारी बसून दहा मिनिटे घड्याळाकडे पाहत राहायची आणि माझ्या पायाकडे पाहणे टाळायची. दिवसातून पाच वेळा हे चालले. पंधरा दिवसांनी पाय सरळ झाला.

एके काळी या शस्त्रक्रियेनंतर पाय सहा-सहा आठवडे प्लास्टरमध्ये ठेवत असत. अमेरिकेतील शेलबोर्न आणि निट्झ यांनी १९९० मध्ये जे लिहिले ते मला फार मोलाचे वाटते. जे रुग्ण डॉक्टरांच्या सूचना मोडून लवकर हालचाल करू लागले होते, त्यांचेच गुडघे अधिक चांगले निघाले, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी रुग्णांना रागावण्याऐवजी आपली पद्धत बदलली. आज मला दुसऱ्या दिवशी उभे केले जाते, त्यामागे न ऐकणाऱ्या त्या अनामिक रुग्णांचा वाटा आहे. माझ्या मेनिस्कसला टाके असल्यामुळे सहा आठवडे कुबड्या होत्या आणि गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नव्हता. ते बंधन मी काटेकोरपणे पाळले.

तिसरा महिना या सगळ्यात धोक्याचा ठरला, आणि तो धोक्याचा वाटत नाही हाच त्याचा धोका आहे. कुबड्या सुटल्या, चाल सुधारली, जिना जमू लागला, शेजारीपाजारी ‘बरी झालीस हो’ म्हणू लागले. परंतु बसवलेली कंडरा सांध्यात गेल्यावर आधी तिच्यातल्या बऱ्याच पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि महिनोन् महिने तिची पुनर्बांधणी होत राहते. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सर्वांत कमकुवत असते. म्हणजे रुग्णाला सर्वांत बरे वाटू लागते, तेव्हाच आतला दोर सर्वांत कच्चा असतो. मी हे वाचले होते, वर्गात सांगण्याइतके मला समजले होते, आणि तरीही मे महिन्यात परीक्षांच्या कामात तीन आठवडे व्यायाम चुकवला.

ताई दर महिन्याला शिंप्याच्या टेपने मांडी मोजत. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर पेनाने खूण करायची आणि त्या खुणेवर घेर मोजायचा. मेअखेर डावी मांडी ४६ सेंटिमीटर भरली आणि उजवी ४३. ताई काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी टेप माझ्या हातात दिली आणि मलाच पुन्हा मोजायला सांगितले. मी मोजली. त्या दिवसापासून मी भिंतीवर कागद लावून दर रविवारी तो आकडा स्वतः लिहू लागले आणि पुढे एकही आठवडा चुकवला नाही. पहाटे साडेपाचला गावातल्या व्यायामशाळेत लेग प्रेस, एका पायावर उठाबशा, पायरीवरून सावकाश उतरणे, हॅमस्ट्रिंगसाठी बार घेऊन कमरेतून वाकणे. बायकांसाठी वेगळी वेळ नव्हती, त्यामुळे आई तिचे विणकाम घेऊन दाराशी बसायची.

ऑगस्टमध्ये शस्त्रक्रियेला सहा महिने झाले. मंडळाची स्पर्धा तोंडावर होती. सर स्वतः घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “निदान शेवटची दहा मिनिटं उतर. सहा महिने झाले की खेळतात सगळे.” त्यांनी मला तेराव्या वर्षापासून घडवले आहे. त्यांना नाही म्हणणे हे शस्त्रक्रियेपेक्षा जड गेले. पण मी नॉर्वेतील ओस्लो आणि अमेरिकेतील डेलावेअर येथील संशोधकांचा २०१६ चा निबंध वाचला होता आणि त्यातले आकडे मला तोंडपाठ होते. त्यांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. खेळात परतणे नवव्या महिन्यापर्यंत जसजसे महिन्यामहिन्याने पुढे ढकलले, तसतसा पुन्हा दुखापतीचा दर प्रत्येक महिन्यामागे सुमारे ५१ टक्क्यांनी घटला. ताकद आणि उड्यांच्या कसोट्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांहून अधिक खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावला, कसोट्या पार करून परतलेल्यांपैकी फक्त साडेपाच टक्क्यांच्या आसपास. इतर अभ्यासांची गोळाबेरीज सांगते की पंचविशीच्या आत खेळात परतणाऱ्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांचे एसीएल, त्याच किंवा दुसऱ्या पायाचे, पुन्हा तुटते. मी सरांना माझा रविवारचा कागद दाखवला. उजव्या मांडीची ताकद डावीच्या ७८ टक्के होती आणि ९० च्या खाली मी मॅटवर पाय ठेवणार नव्हते. सर बराच वेळ कागद पाहत राहिले. जाताना त्यांनी तो कागद कसा भरायचा, हे विचारून घेतले.

ताकद मोजण्याची मोठी यंत्रे आमच्याकडे नाहीत. ताईंनी व्यायामशाळेतल्या लेग एक्स्टेन्शनवर एका पायाने एकदाच उचलता येईल असे जास्तीत जास्त वजन दोन्ही पायांवर घेऊन त्याचे गुणोत्तर काढले. उड्यांसाठी मंडळाच्या हॉलमध्ये फरशीवर सहा मीटर चिकटपट्टी लावली. एका पायावर एक लांब उडी, सलग तीन उड्या, पट्टीच्या दोन्ही बाजूंना आलटूनपालटून तीन उड्या, आणि सहा मीटर अंतर एका पायावर घड्याळ लावून. नोव्हेंबरमध्ये, नऊ महिने भरल्यावर, चारही उड्यांत मी ९० टक्क्यांच्या वर होते आणि आनंदाने घरी निघाले होते. ताईंनी थांबवले. वर्षभर खेळ बंद असल्यामुळे डावा पायही उतरला आहे, त्याच्याशी तुलना करून आलेले ९० टक्के फसवे असू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याला आधार देणारे संशोधन त्यांनी दाखवले. शिवाय उडी लांब पडली तरी जमिनीवर टेकताना गुडघा आत झुकतो का, हे टेप सांगत नाही. त्यांनी मोबाइलवर समोरून चित्रण केले. माझा गुडघा अजून आत झुकत होता, डिसेंबरमधल्या त्या रविवारी झुकला असेल तसाच. आणखी आठ आठवडे काम झाले.

उरली भीती. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर कोणत्या ना कोणत्या खेळात साधारण ८० टक्के लोक परततात, पण स्पर्धेच्या पातळीवर जेमतेम ५५ टक्के, आणि त्यामागे मनाची तयारी हे मोठे कारण असते, असे २०१४ च्या एका व्यापक आढाव्यात आहे. मला सरळ धावताना भीती वाटत नव्हती. उजवा पाय रोवून डावीकडे वळायचे म्हटले की पोटात खड्डा पडायचा आणि पाय आपोआप अर्धा वळून पडायचा. त्यावर ताईंनी उपाय केला तो असा की हीच एक हालचाल सुटी केली. आधी जमिनीवर चालत, मग धावत, मग मॅटवर, मग समोर एक खेळाडू उभी करून, मग साखळी धरलेल्या दोघी अंगावर येताना. प्रत्येक पायरीवर तीस-चाळीस वेळा. एके दिवशी वळून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मी वळण्याचा विचारच केला नव्हता.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस, अकरा महिन्यांनी, मी सामन्यात उतरले. पहिल्या चढाईत गुण मिळाला नाही. मी मध्यरेषेला हात लावून परत आले.

आमच्या मंडळात आता सरावाआधी वीस मिनिटे उड्या मारून नीट टेकण्याचा, एका पायावर तोल सांभाळण्याचा आणि हॅमस्ट्रिंगचा व्यायाम होतो. मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी अधिक होते आणि असा सराव नियमित केला तर तिचे प्रमाण निम्म्यावर येऊ शकते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवले आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुली हा व्यायाम कुरकुरत करतात. सर समोर उभे राहून तो करवून घेतात.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्यातल्याच एकीला पकडीत बाहेरून धक्का बसला आणि ती गुडघा धरून बसली. तिच्या मामांनी मालिशवाल्याला फोन लावला होता. मी त्यांच्या हातातून फोन घेतला नाही, पण तिला काय काय झाले ते कागदावर लिहिले: धक्का कुठून लागला, आवाज झाला का, सूज किती तासांत आली. मग मामा, ती आणि मी दुसऱ्या दिवशी एसटीने कोल्हापूरला गेलो. डॉक्टरांनी तिची नडगी पुढे ओढली आणि मी त्यांच्या हाताकडे टक लावून पाहत होते. हाड पुढे आले आणि जागीच थांबले. दुखापत आतल्या बाजूच्या लिगामेंटची होती. ते सांध्याच्या बाहेर असल्यामुळे बहुतेक वेळा ब्रेस आणि व्यायामाने स्वतःच जुळून येते. परतीच्या गाडीत तिने विचारले, “ताई, मग किती दिवसांनी खेळू?” मी पिशवीतून टेप काढली आणि तिच्या वाटीच्या वर १० सेंटिमीटरवर पेनाने खूण केली.